पाच टक्क्यांचं शास्त्र आणि अब्राम योफे



व्याख्यानमालेला भौतिकशास्त्राचा माणूस बोलावला की कृष्णविवरं, विश्वाचा जन्म, निदान क्वांटम तरी ऐकायला मिळेल अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. माझ्याकडं आज त्यातलं काही नाही. मी एका अशा उपकरणाविषयी बोलणार आहे, ज्याला शंभर वॅट उष्णता दिली तर पाच-सहा वॅट वीज मिळते. बाकीची चौऱ्याण्णव-पंचाण्णव वॅट उष्णता दुसऱ्या टोकानं तशीच निघून जाते. असा आकडा ऐकून कोणताही इंजिनिअर ते उपकरण बाजूला ठेवेल. तरी त्याच्यामागं एका मोठ्या शास्त्रज्ञानं आयुष्याचा मोठा भाग घालवला, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. आजचं सगळं व्याख्यान या एका मुद्द्याभोवती आहे. कार्यक्षमतेचा आकडा सांगितला की लगेच दोन प्रश्न विचारावेत. उष्णता कुठून येते? आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कोण जाणार? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पाच टक्के कमी की जास्त हे सांगता येत नाही.

आधी उपकरण बघू. दुसऱ्या महायुद्धानंतरची वर्षं. सोव्हिएत संघातली असंख्य खेडी विजेविना होती. रेडिओ होते, पण ते बॅटरीवरचे, व्हॉल्व्हचे. बॅटऱ्या महाग आणि वेळेवर न मिळणाऱ्या. आपल्याकडं ज्यांनी सेल संपलेला रेडिओ आठवड्याच्या बाजारापर्यंत मुका पडलेला पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण रॉकेलचा दिवा घरोघरी होता आणि तो रोज संध्याकाळी लागायचाच. त्या दिव्याच्या काचेवर एक धातूचं नळकांडं बसवलं. त्याच्या बाहेरच्या अंगाला धातूचे उभे पातळ पंखे, चहूबाजूंनी पसरलेले. ते खोलीच्या हवेनं गार राहायचे. आतल्या अंगाला काचेतून वर येणारा गरम धूर. मधे, गरम आणि गार बाजूंच्या सांध्यात, अर्धवाहक पदार्थाचे छोटे छोटे ठोकळे ओळीनं जोडलेले. त्यातून दोन तारा निघून टेबलावरच्या रेडिओला जायच्या. एका प्रसिद्ध नमुन्याचं नाव होतं टीजीके-3, आणि त्याची वीज होती सुमारे 3 वॅट. तेवढ्यावर रेडिओ लागायचा आणि दिव्याचा उजेडही जागच्या जागी राहायचा.

आता माझा पहिला प्रश्न लावा. उष्णता कुठून येते? दिवा उजेडासाठी लावलेलाच होता. त्याची उष्णता एरवी आढ्याकडं जाऊन फुकट जायची. त्या फुकट जाणाऱ्या उष्णतेतून जे काही मिळालं तो निव्वळ फायदा. असा हिशेब मांडला की टक्केवारीचं महत्त्व बरंच कमी होतं.

या दिव्यामागचं सगळं शास्त्र ज्या प्रयोगशाळेतून आलं तिचा प्रमुख अब्राम फ्योदोरोविच योफे. पण त्याच्याकडं येण्याआधी शंभरेक वर्षं मागं गेलं पाहिजे, कारण या विषयाची सुरुवातच एका गमतीदार गैरसमजानं झाली आहे.

1821 साली बर्लिनमध्ये थॉमस योहान झेबेकनं दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्यांची टोकं जोडून एक बंद कडी केली आणि एका सांध्याला उष्णता दिली. जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळली. झेबेकनं निष्कर्ष काढला की तापमानाच्या फरकामुळं धातूत चुंबकत्व येतं. ओर्स्टेडनं त्याच्या आदल्याच वर्षी विजेच्या प्रवाहानं चुंबकसूची वळते हे दाखवलं होतं, आणि झेबेकच्या कडीतही वीजच वाहते आहे हे त्याच्या पटकन लक्षात आलं. झेबेकनं मात्र ते मान्य केलं नाही. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकातून येत असावं, इथपर्यंत तो गेला. पण हा हट्टी माणूस मोजणीला फार पक्का होता. त्यानं हाताला लागेल तो पदार्थ तपासला. धातू तर तपासलेच, शिवाय शिशाचं गंधकयुक्त खनिज, म्हणजे गॅलिना, यासारख्या गोष्टीही तपासल्या आणि कुणाचा परिणाम जास्त, कुणाचा कमी अशी यादी केली. पुढं सव्वाशे वर्षांनी योफेनं ती यादी काढून बघितली आणि लिहिलं, की झेबेकनं त्याच्याच यादीतले दोन योग्य पदार्थ जोडले असते तर त्याला सुमारे 3 टक्के कार्यक्षमतेनं वीज मिळाली असती. त्या काळातली वाफेची इंजिनं याहून फार पुढं नव्हती. स्पष्टीकरण चुकलं तरी मोजमाप खरं असलं की ते शंभर वर्षांनीही कामाला येतं, असं मी यातून घेतो. विद्यार्थ्यांना मी हा किस्सा नेहमी सांगतो, कारण आमच्याकडं नेमकं उलट शिकवलं जातं.

पुढं 1834 मध्ये पॅरिसच्या पेल्तिएनं, जो मुळात घड्याळजी होता, उलट बाजू दाखवली. सांध्यातून वीज सोडली तर सांधा गरम किंवा गार होतो. 1838 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लेन्झनं बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून प्रवाह सोडला. थेंबाचा बर्फ झाला. प्रवाहाची दिशा उलटी केली. बर्फाचं पाणी झालं. यापेक्षा सुंदर प्रात्यक्षिक मला माहीत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्टनकिर्शनं हिशेब केला आणि चांगल्या पदार्थाला काय हवं ते सांगितलं. एका अंश तापमानाला व्होल्टेज जास्त हवं, विजेची वाहकता जास्त हवी आणि उष्णतेची वाहकता कमी हवी. धातू पहिल्या अटीत नापास होतात, त्यांचं व्होल्टेज एका अंशाला मोजके मायक्रोव्होल्ट असतं. काचेसारखे विद्युतरोधक दुसऱ्या अटीत नापास. इथं विषय थांबला आणि वीस वर्षं तसाच पडून राहिला.

योफेचा जन्म 1880 चा, रोम्नी गावातला, म्हणजे आजच्या युक्रेनमधला. ज्यू कुटुंब. शाळा तांत्रिक धाटणीची, जिथं लॅटिन-ग्रीक नसे. त्यामुळं विद्यापीठाचं दार बंद आणि इंजिनिअरिंगची संस्था उघडी. याच शाळेत त्याचा मित्र होता स्तेपान तिमोशेंको. सभागृहात सिव्हिल किंवा मेकॅनिकलचे कुणी जुने विद्यार्थी असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच ओळख दिसायला हवी. होय, ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स’वाले तिमोशेंको, ज्यांच्या पुस्तकानं आपल्या कितीतरी मुलांच्या रात्री खाल्ल्या. एकाच लहान गावातल्या एकाच शाळेतून हे दोघं निघाले.

1902 मध्ये पीटर्सबर्गहून पदवी घेऊन योफे म्युनिकला गेला, एक्स-किरणांच्या राँटगेनकडं. तिथं चार वर्षं राहिला, क्वार्ट्झ स्फटिकांवर डॉक्टरेट केली. राँटगेननं थांबायला सांगितलं, पण तो 1906 मध्ये परत आला. राँटगेनशी काम मात्र तुटलं नाही. स्फटिकांमधून वीज कशी जाते यावरचे दोघांचे शोधनिबंध 1913 आणि 1921 मध्ये छापून आले. मधल्या काळात महायुद्ध, क्रांती आणि यादवी होऊन गेली होती. राँटगेन मोजणीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. शंका फिटल्याशिवाय छापायचं नाही. हा गुण योफेनं उचलला. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मिलिकननं तेलाच्या थेंबांनी मोजला हे शाळेत शिकवतात. त्याच सुमारास योफेनंही धातूच्या सूक्ष्म कणांवर अतिनील प्रकाश पाडून स्वतंत्रपणे ते काम केलं होतं. तोवर मिलिकनचं नाव झालं होतं.

योफेचं सगळ्यात मोठं काम कुठलं, असं विचारलं तर मी एक संस्था दाखवेन. 1918 साली, म्हणजे पेट्रोग्राडमध्ये खायला ब्रेड नव्हता तेव्हा, त्यानं भौतिक-तांत्रिक संस्था उभी करायला घेतली. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांची नावं ऐका. कापित्सा, सेम्योनोव, कुर्चातोव, अलेक्सांद्रोव, फ्रेंकेल, खारितॉन, काही काळ लांडाऊसुद्धा. यातल्या तिघांना पुढं नोबेल मिळालं. 1921 मध्ये योफे उपकरणं विकत घ्यायला परदेशी गेला तेव्हा कापित्साला बरोबर घेऊन गेला आणि केंब्रिजला रदरफोर्डकडं ठेवून आला. कापित्साची बायको आणि मुलं नुकतीच साथीत गेली होती. माणूस कोसळलेला होता. त्याच कापित्सानं केंब्रिजमध्ये सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरती टिकणारी, पण तीन लाख गाऊसहून जास्त ताकदीची चुंबकीय क्षेत्रं तयार केली.

चुंबकत्व या संस्थेत सतत होतं. लोखंड चुंबक का होतं याचं पुंजभौतिकी स्पष्टीकरण हायझेनबर्गच्या नावावर आहे, पण फ्रेंकेल 1928 मध्ये स्वतंत्रपणे तिथंच पोचला होता. लोखंडाचा तुकडा आतून लहान लहान चुंबकीय प्रदेशांत का विभागला जातो, यावर फ्रेंकेल आणि दोर्फमन यांनी 1930 मध्ये लिहिलं. किकोइन आणि नोस्कोव यांनी दाखवलं, की अर्धवाहकावर प्रकाश आणि चुंबकीय क्षेत्र एकदम लावलं तर व्होल्टेज निर्माण होतं. आणि योफेनं संस्थेची पिल्लं दूरदूर नेऊन सोडली, खार्कोवला आणि उरलमधल्या स्वेर्दलोव्स्कला. स्वेर्दलोव्स्कची संस्था पुढं चुंबकीय पदार्थांचं मोठं केंद्र झाली. एखादा संस्थाचालक आपली चांगली माणसं उचलून दुसऱ्या गावी पाठवतो, हे आपल्याकडच्या किती विभागप्रमुखांना जमेल? असो.

योफे चुकायचाही. विद्युतरोधकाचे अगदी पातळ थर केले तर ते जाड थरापेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज सोसतात, असा त्याचा दावा होता आणि त्यावर त्यानं मोठ्या आशा बांधल्या होत्या. त्याच्याच संस्थेतल्या तरुण अलेक्सांद्रोवनं काळजीपूर्वक मोजून तो दावा खोटा ठरवला. साहेबाचा लाडका सिद्धांत कनिष्ठानं मोडला आणि कनिष्ठाची नोकरी गेली नाही. उलट तो पुढं सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. 1936 मध्ये अकादमीच्या बैठकीत योफेला भर सभेत धारेवर धरण्यात आलं. संस्था उद्योगाला काय देते, असा सवाल होता. टीका करणाऱ्यांत लांडाऊही होता, आणि लांडाऊची जीभ तिखट होती. योफेनं ते सोसलं.

उष्णतेतून थेट वीज मिळवण्याचा, म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक विषय त्यानं 1929-30 च्या सुमारास हातात घेतला. आल्टनकिर्शच्या हिशेबाकडं तो वेगळ्या नजरेनं बघत होता. सगळे धातूंमध्ये शोधत होते. योफे म्हणाला, धातू आणि विद्युतरोधक यांच्या मधल्या प्रदेशात शोधा, अर्धवाहकांत. तिथं एका अंशाला दोनशे मायक्रोव्होल्टसुद्धा मिळतात, आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या भेसळ करून हवी तशी ठरवता येते. फार कमी इलेक्ट्रॉन असले तर वीज वाहत नाही, फार जास्त झाले तर व्होल्टेज पडतं. मधे कुठंतरी, एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण 10 चा 19 वा ते 20 वा घात एवढे इलेक्ट्रॉन असताना, गणित जमतं. आज या विषयात ज्याला गुणांक म्हणतात, व्होल्टेजचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता भागिले उष्णतावाहकता, आणि हे सगळं गुणिले तापमान, तो पदार्थ तोलण्याचा तराजू म्हणून योफेनंच रूढ केला.

युद्ध आलं. लेनिनग्राडला, म्हणजे पूर्वीच्या पेट्रोग्राडला, वेढा पडला, संस्था काझानला हलली. जर्मनांच्या पिछाडीला जंगलात गनिमी दस्ते होते आणि त्यांच्याकडं वायरलेस सेट होते. बॅटरी संपली की संपर्क तुटायचा. बॅटरी टाकायला विमान बोलवायचं तर त्यासाठीच वायरलेस हवा. योफेच्या प्रयोगशाळेत मास्लाकोवेत्सनं यावर पातेलं तयार केलं. पातेल्याच्या बुडाला जस्त-अँटिमनीचे आणि कॉन्स्टंटन या मिश्रधातूचे सांधे बसवलेले. पातेल्यात पाणी भरायचं, खाली शेकोटी. बुडाच्या बाहेरून आगीची आच, आतून पाणी. पाणी उकळलं तरी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळं गार बाजू आपोआप सांभाळली जायची. अडीचशे-तीनशे अंशांचा फरक मिळायचा, सेट चालायचा, आणि चहाचं पाणीही तयार. आता माझा दुसरा प्रश्न लावा. बिघडलं तर दुरुस्तीला कोण जाणार? शत्रूच्या मुलखातल्या जंगलात कुणीच जाणार नाही. म्हणून हलणारा एकही भाग नसलेलं पातेलं.

1950 च्या डिसेंबरमध्ये, सत्तरी नुकतीच पुरी झाल्यावर, योफेला स्वतः उभ्या केलेल्या संस्थेच्या संचालकपदावरून काढलं. ‘कॉस्मोपॉलिटन’ विद्वानांविरुद्धच्या मोहिमेचे ते दिवस होते आणि रोख ज्यू मंडळींवर होता. या वयात माणूस आठवणी लिहायला बसतो. योफेनं अर्धवाहकांची वेगळी प्रयोगशाळा मिळवली; 1952 मधली ती प्रयोगशाळा 1954 मध्ये स्वतंत्र संस्था झाली, आणि थर्मोइलेक्ट्रिकमधलं त्याचं सर्वोत्तम काम सत्तरीनंतर झालं.

ते काम काय होतं? पदार्थात उष्णता दोन मार्गांनी वाहते. थोडी इलेक्ट्रॉनांबरोबर जाते, बरीचशी अणूंच्या जाळीतल्या कंपनांबरोबर. पहिली थांबवली तर वीजही थांबते, तिला हात लावायचा नाही. दुसरी थांबवायची. योफे आणि त्याची सहकारी-पत्नी ॲना वासिल्येव्हना यांनी उष्णतावाहकतेवर बारीक मोजणी केली, आणि 1956 च्या सुमारास उपाय समोर आला. एका संयुगात त्याच कुळातलं दुसरं संयुग मिसळा, म्हणजे जाळी तशीच राहील, पण तिच्यात हलके-जड अणू विखुरलेले असतील. उष्णता वाहणाऱ्या कंपनांची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या जवळपासची असते, ती या विषमतेला अडखळतात. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी त्याहून बरीच मोठी, तो निघून जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर लहान मुलाची सायकल अडते आणि एसटी तशीच पुढं जाते, तसं. बिस्मथ टेल्युराइडमध्ये अँटिमनी टेल्युराइड मिसळलेला पदार्थ त्यातूनच आला, आणि आजही खोलीच्या तापमानाला व्यवहारात तोच चालतो. शुद्ध बिस्मथ टेल्युराइड याआधी 1954 मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड यांनी पुढं आणलं होतं. दोन्हीकडून बोगदा खणला जात होता.

हा पदार्थ तयार करताना कुणी पाहिला आहे? क्वार्ट्झच्या नळीत बिस्मथ आणि टेल्युरियमचे चकचकीत तुकडे तोलून टाकतात. नळी निर्वात करून ज्योतीवर वितळवून बंद करतात. मग भट्टी, सहाशे अंशांच्या पुढं, नळी हलवत राहायची म्हणजे रस एकजीव होतो. नंतर अगदी सावकाश गार करायचं. बाहेर येते ती करड्या रंगाची, चमकदार कांडी, आणि ती अभ्रकासारखी पदराला पदर सुटते. नखानंसुद्धा पापुद्रा निघतो. हे सुंदर दिसतं आणि कामाला फार त्रासदायक असतं, कारण ठोकळे कापताना चिरतात. टेल्युरियमची भुकटी श्वासातून गेली तर माणसाच्या तोंडाला दिवसचे दिवस लसणाचा वास येतो. या विषयातली माणसं लग्नसमारंभात ओळखू येतात, असा आमच्यातला जुना विनोद आहे.

आता थोडं गणित, कारण इथं योफेची आशा आणि निसर्ग यांचा हिशेब करायचा आहे. गरम बाजू 300 अंश सेल्सिअस, गार बाजू 30 अंश. कार्नोच्या नियमानं कोणतंही यंत्र यातून 47 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही. पदार्थाचा गुणांक 1 असेल तर थर्मोइलेक्ट्रिकला मिळतात सुमारे 10 टक्के. गुणांक 2 झाला तर 15. गुणांक 4 झाला, जो भरवशाच्या पदार्थात कुणी पाहिलेला नाही, तरी 21. आणि हा आदर्श हिशेब आहे. प्रत्यक्षात सांधे, तारा, पंखे आपापला वाटा खातात. वीजकेंद्रातली वाफेची टर्बाइन 35-40 टक्के देते. पन्नाशीच्या दशकात योफेपासून अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं, की अर्धवाहकांचे फ्रिज येतील, कॉम्प्रेसर जातील, पुढं इंजिनंही जातील. तसं झालं नाही. गुणांक 1 च्या आसपास अडकला तो जवळजवळ चाळीस वर्षं. छोटे पेल्तिए कूलर आले, लेझर आणि कॅमेऱ्यांचे सेन्सर गार ठेवायला ते उत्तम. पण घरातला फ्रिज कॉम्प्रेसरचाच राहिला. पोट भरायला लागेल एवढी वीज या मार्गानं मिळेल, ही आशा योफेनं फार ताणली होती, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य केलं पाहिजे.

पण जिथं माझे दोन प्रश्न निर्णायक ठरतात, तिथं या शास्त्राला पर्याय नाही. 1977 मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर प्लुटोनियम-238 च्या उष्णतेवर चालणारी प्रत्येकी तीन जनित्रं आहेत, सिलिकॉन-जर्मेनियमची. निघताना एका यानाला 470 वॅट मिळत होते. दर वर्षी साधारण 4 वॅट कमी होतात. प्लुटोनियमचं अर्धायुष्य 87.7 वर्षं. ही यानं जिथं गेली आहेत तिथं सूर्य इतका क्षीण आहे की सौरपट्ट्यांचा उपयोग नाही. मंगळावर 2012 मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीला दोन हजार वॅट उष्णतेतून सुरुवातीला 110 वॅट वीज मिळत होती. भागाकार करून बघा, साडेपाच टक्के. एवढ्या पाच टक्क्यांवर ती गाडी वर्षानुवर्षं मंगळावर फिरते आहे.

या शास्त्राला काळी बाजूही आहे, ती लपवणं बरं नाही. सोव्हिएत संघानं उत्तरेकडच्या ओसाड किनाऱ्यांवरच्या दीपगृहांना आणि दुर्गम रेडिओकेंद्रांना अशीच जनित्रं बसवली, पण इंधन स्ट्रॉन्शियम-90. देश फुटला आणि कुणाचं काय कुठं आहे याचा हिशेब राहिला नाही. 2001 च्या डिसेंबरमध्ये जॉर्जियातल्या लिया गावाजवळ तीन माणसं जंगलात लाकडं आणायला गेली. त्यांना अशाच जनित्रांतले दोन डबे सापडले, गरम, आजूबाजूचा बर्फ वितळलेला. थंडीची रात्र होती. त्यांनी ते जवळ घेऊन ऊब घेतली. तिघंही किरणोत्सारानं भाजले. दुरुस्तीला कुणी जात नाही अशा जागी ठेवलेली वस्तू परत आणायलाही कुणी जात नाही, ही माझ्या दुसऱ्या प्रश्नाची उलटी बाजू आहे.

गेल्या तीसेक वर्षांत विषय पुन्हा जागा झाला, आणि गंमत म्हणजे त्यात चुंबकत्व परत आलं. 1993 मध्ये एमआयटीच्या हिक्स आणि मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी अतिसूक्ष्म रचनांनी गुणांक वाढवता येईल असं दाखवलं. 1997 मध्ये जपानमध्ये तेरासाकी यांना सोडियम कोबाल्टेट या ऑक्साइडमध्ये धातूसारखी वाहकता आणि एका अंशाला शंभर मायक्रोव्होल्ट हे दोन्ही एकदम सापडलं, जे जुन्या पुस्तकांप्रमाणं जमू नये. प्रिन्स्टनच्या ओंग यांच्या गटानं 2003 मध्ये त्या पदार्थाला अतिशीत तापमानात तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलं, आणि व्होल्टेज जवळजवळ नाहीसं झालं. इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय फिरकीकडं जी अव्यवस्था होती, तिचा त्या व्होल्टेजमध्ये मोठा वाटा होता. क्षेत्रानं फिरकी एका दिशेला लावली आणि तो वाटा गेला. 2008 मध्ये केइओ विद्यापीठातल्या उचिदा, सैतोह आणि सहकाऱ्यांनी तापमानाच्या फरकानं चुंबकीय पदार्थात फिरकीचा प्रवाह निर्माण होतो, हे दाखवलं. कोबाल्ट-मँगनीज-गॅलियमच्या एका चुंबकात तर उष्णता एका दिशेला सोडली की तिला काटकोनात व्होल्टेज मिळतं, खोलीच्या तापमानाला एका अंशाला सहाएक मायक्रोव्होल्ट. आकडा लहान आहे, पण काटकोनाची सोय मोठी आहे. ठोकळ्यांची रांग न लावता साधी पट्टी गुंडाळून चालते. झेबेकनं सुई वळताना बघून उष्णतेतून चुंबकत्व येतं असं म्हटलं होतं. त्याच्या कडीबद्दल तो चुकलाच होता. पण उष्णता आणि चुंबकत्व यांचा थेट संबंध शोधणारे आज शेकड्यांनी आहेत.

आपल्याकडं काय? मुंबईच्या ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात लेड टेल्युराइड आणि तत्सम पदार्थांची जनित्रं करण्याचं काम झालं आहे. बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले कनिष्क बिस्वास हे 2012 मध्ये अमेरिकेत कानात्झिदिस यांच्या गटात असताना लेड टेल्युराइडचा गुणांक 2.2 पर्यंत नेणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते. 2021 मध्ये बंगळूरुहून त्यांच्या गटानं सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडं कॅडमियम मिसळून सुमारे 300 अंशांना 2.6 नोंदवला. चांद्रयान-3 च्या प्रॉपल्शन मोड्यूलवर ट्रॉम्बेहून आलेले एकेक वॅटचे दोन किरणोत्सारी तापक होते. ते फक्त ऊब देणारे, वीज देणारे नव्हेत. विक्रम लँडरवर तेही नव्हते. चंद्रावरची रात्र पडायच्या आधी, 4 सप्टेंबर 2023 ला, त्याला झोपवलं, आणि तो परत उठला नाही. ज्या दिवशी आपलं यान चंद्रावरची रात्र काढून सकाळी काम सुरू करेल, त्या दिवशी त्याच्या पोटात बहुधा योफेच्या कुळातला एखादा ठोकळा असेल.

आता शेवटचं, आणि हे सभागृहातल्या प्राध्यापकांसाठी आहे. गुणांकाच्या सूत्रात तीन वेगवेगळी मोजमापं आहेत. व्होल्टेजचा वर्ग होतो, म्हणजे तिथली पाच टक्के चूक दहा टक्के होते. उष्णतावाहकता तर मोजायला सर्वांत अवघड, कारण उष्णतेला तारेसारखं आवरण घालून एका वाटेनं नेता येत नाही. ती बाजूनं, हवेतून, सेन्सरच्या तारेतून निसटते. टिन सेलेनाइडच्या 2014 च्या विक्रमी आकड्यावर जगभर जो वाद झाला तो बराचसा याच मोजणीवरचा होता. आपल्या महाविद्यालयांत संगणकावर पदार्थ शोधायला मुलं रांग लावतात, आणि ते कामही चांगलं आहे. पण भट्टी सांभाळणारा, क्वार्ट्झची नळी बंद करता येणारा, उष्णतावाहकता दोन पद्धतींनी मोजून दोन्ही आकडे मान्य होईपर्यंत न छापणारा माणूस दुर्मीळ झाला आहे. काच फुंकणारे कारागीर निवृत्त झाले की त्यांच्या जागा रद्द होतात. त्या जागा भरा. विभागात एक नवं यंत्र कमी घ्या, पण तो माणूस ठेवा.

योफे 14 ऑक्टोबर 1960 ला गेला, ऐंशी पुरे व्हायला पंधरा दिवस कमी होते. ज्या संस्थेतून त्याला काढलं होतं तिला त्याच वर्षी त्याचं नाव दिलं गेलं. वीजकेंद्र बंद पाडणारं यंत्र त्याला जमलं नाही. जिथं वीजकेंद्राची तार पोचत नाही तिथलं जमलं. मला वाटतं हिशेब त्याच्या बाजूनं पडतो. कुणाला हा हिशेब पटला नसेल तर प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवलेला आहे, जरूर विचारा. आणि ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांनी व्याख्यानानंतर थांबा, कुठला पदार्थ घेऊन सुरुवात करावी ते बोलू.